वाचकांचे प्रश्न : रुग्ण एक, फोन दुसऱ्याचा

रक्तदाब, साखर आणि औषधे यांच्या घरच्या नोंदी मोबाइलवर ठेवण्याविषयी मागील अंकात आलेल्या लेखावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रांत आजारांचे उल्लेख असल्यामुळे पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांसाठी आरोग्य-नोंदींचे ॲप तयार करीत आहोत. आमच्या ऑनलाइन प्रश्नावलीला भरपूर उत्तरे आली. परंतु आमचे मार्गदर्शक म्हणतात की त्यांवरून वेगवेगळ्या रुग्णांच्या गरजा कळणार नाहीत. मग त्या कशा ओळखाव्यात? (सांगली)

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे रास्त आहे. ऑनलाइन प्रश्नावली भरणाऱ्याकडे स्वतःचा फोन असतो, त्याला वाचता येते, टाइप करणे जमते आणि हाताशी थोडी सवड असते. म्हणजेच ज्यांच्यासाठी ॲप बनवणे सर्वांत अवघड, नेमकी तीच माणसे या चाळणीतून गळून जातात. त्यापेक्षा रीतसर परवानगी घेऊन एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बसावे, आणि तितकाच वेळ औषधाच्या दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहावे. प्रश्न कमी विचारावेत आणि रुग्णाच्या हातातल्या पिशवीतून काय काय निघते, ते पाहावे.

त्या पिशवीत बहुधा कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडतील. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या दुकानदार कापून देतो, तेव्हा औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख पुष्कळदा उरलेल्या तुकड्यावर जाते. रुग्ण मग गोळी ओळखतो ती ‘पांढरी लांबट’ किंवा ‘गुलाबी बारीक’ अशी. आणि पुढच्या महिन्यात दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले की गुलाबी गोळी पिवळी होते, घरात संशय शिरतो, आणि कधीकधी जुनी व नवी अशा दोन्ही गोळ्या पोटात जातात. यावरून ॲपसाठी दोन गोष्टी ठरतात. औषधाच्या नोंदीसोबत गोळीचा फोटो हवा, आणि नव्या खरेदीच्या वेळी ‘औषध तेच, गोळी वेगळी’ असे नोंदवण्याची सोय पहिल्याच पानावर हवी. प्रश्नावलीत ही गरज कुणीही लिहिणार नाही, कारण ती गरज आहे हे रुग्णाला स्वतःलाही जाणवत नसते.

वेळापत्रकाचेही तसेच. डॉक्टर चिठ्ठीवर ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहितात, म्हणून विद्यार्थ्यांच्या बहुतेक नमुना ॲपमध्ये सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन रकाने असतात व काम झाले असे मानले जाते. परंतु थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि तिच्यापासून लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या काही तास दूर ठेवाव्या लागतात. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले, तर जिवावर बेतू शकते. ज्या ॲपमध्ये ‘रोज’ हा पर्याय आधीच निवडलेला येतो आणि ‘दर सोमवारी’ शोधण्यासाठी तीन पाने उलटावी लागतात, ते ॲप या रुग्णासाठी थेट धोकादायक आहे. इन्सुलिनबाबत आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. कुपीतले इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला ४० युनिट, तर पेनमधले १०० युनिट असते, आणि ४० व १०० युनिटच्या सिरिंज वेगळ्या असतात. त्यामुळे मात्रा नेहमी युनिटमध्येच नोंदवावी, मिलिलिटरचा रकानाच ठेवू नये, आणि रुग्ण कुपी वापरतो की पेन, हे एकदा विचारून ठेवावे.

राहिला प्रश्न धोक्याच्या रंगांचा. जेवणानंतर दोन तासांनी साखर १३० भरली, तर सत्तरीतल्या मधुमेही गृहस्थांना डॉक्टर बहुधा शाबासकीच देतील. मात्र गरोदरपणातल्या मधुमेहात हीच मर्यादा १२० च्या आत ठेवायला सांगतात. आकडा एकच, पण एका घरात तो हिरवा आणि दुसऱ्या घरात लाल. म्हणून मर्यादा ॲपने ठरवू नयेत; त्या डॉक्टरांच्या सल्ल्यावरून प्रत्येक रुग्णासाठी भरता आल्या पाहिजेत. हे एवढे जरी केलेत, तरी बाजारातल्या अनेक ॲपच्या पुढे जाल.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. त्यांच्या नोंदी मीच माझ्या फोनवर ठेवते. लंडनला असलेले दीर त्या पाहतात आणि तिथून सूचना करतात. सासूबाईंना हे फारसे आवडत नाही असे अलीकडे जाणवते. खाते कुणाच्या नावाने असावे? (नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रात आरोग्य-ॲपच्या रचनेतली सर्वांत मोठी उणीव नेमकी आली आहे. ॲप बनवणारे ‘वापरकर्ता’ नावाची एकच व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवतात. आपल्या घरात मात्र आजार एकीचा, नोंदीचे कष्ट दुसरीचे आणि देखरेख तिसऱ्याची आहे. आपल्याकडच्या असंख्य घरांत हेच चित्र असते आणि नोंदीचे काम बहुतेक वेळा सुनेकडे किंवा मुलीकडे येते, हेही लिहायला हवे.

खाते सासूबाईंच्या नावानेच असावे, फोन आपला असला तरी. ज्या ॲपमध्ये एका फोनवर कुटुंबातल्या अनेकांची स्वतंत्र खाती ठेवता येतात, ते निवडावे. अन्यथा आपला आणि त्यांचा रक्तदाब एकाच आलेखात मिसळेल आणि डॉक्टरांना काहीच बोध होणार नाही. दिरांना काय दिसावे, हे सासूबाईंनी ठरवावे. साखर व रक्तदाब दिसावा पण वजन, झोप आणि ‘आज काय खाल्ले’ हे दिसू नये, अशी निवड त्यांना करता आली पाहिजे. एखाद्या सणाला खाल्लेल्या पुरणपोळीची वार्ता दुसऱ्या दिवशी लंडनहून ऐकून घ्यावी लागली, तर त्या पुढच्या वेळी खरे सांगणारच नाहीत, आणि खोट्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी.

केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही असेच तत्त्व आहे. त्यातला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य-खात्याचा क्रमांक, व्यक्तीचा असतो, आणि रिपोर्ट कुणाला, कशासाठी व किती काळ पाहता यावेत, याची संमती ती व्यक्ती देते व मागेही घेऊ शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता यावी, असे म्हटले आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा आपल्या ॲपची संमतीची सूचना मराठीत नसेल, तर कंपनीला जरूर विचारा.

एक व्यावहारिक बाब राहून जाऊ नये. ब्रिटनमध्ये साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. तिथल्या ७ ला १८ ने गुणले की आपले १२६ येतात. दिरांनी तिथल्या डॉक्टरांना विचारून ‘दहाच्या खाली ठेवा’ असे कळवले, तर त्याचा अर्थ इथे १८० असा होतो. प्रत्येक आकड्यापुढे एकक छापलेले असावे, ही मागणी म्हणूनच क्षुल्लक नाही.

आणि नोंदीचे कष्ट आपण घेता, तेव्हा त्या बदल्यात आपल्यालाही काही मिळाले पाहिजे. आकडा भरल्याबरोबर ‘सायंकाळची गोळी चारच दिवस पुरेल’ किंवा ‘तपासणीला जाताना हे एक पान दाखवा’ असे उपयोगी उत्तर न देणारे ॲप काही आठवड्यांत बंद पडते, आणि दोष मात्र नोंद ठेवणारीला दिला जातो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मधुमेहामुळे दृष्टी अधू झाली आहे. अक्षरे मोठी केली की ॲपमधील शब्द अर्धे कापले जातात, आणि आलेखातील लाल-हिरव्या रेषा सारख्याच दिसतात. माझ्यासारख्यांचा विचार कुणी करत नाही का? (सातारा)

उत्तर : मधुमेहाच्या ॲपने अधू दृष्टीचा विचार न करणे ही खरोखर कमाल आहे, कारण हा आजार डोळ्यांच्या पडद्यावरच घाव घालतो. अक्षरे कापली जाण्याचे कारण असे की, अनेक ॲपमध्ये ओळीची उंची रोमन लिपीच्या मापाने बांधलेली असते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार यांना जागा लागते, ती तिथे नसते. मग ‘गोळी’ची ‘गाळा’ होते. रंगांबाबत सुगम्यतेचे (ॲक्सेसिबिलिटीचे) आंतरराष्ट्रीय निकष स्पष्ट आहेत : मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, आणि कोणतीही माहिती केवळ रंगाने सांगू नये. लाल रेषेसोबत ‘जास्त’ हा शब्द आणि वर जाणारा बाण असता, तर आपली अडचण झाली नसती.

मराठी ॲपमध्ये आणखी एक खोच आहे. साखर मोजण्याच्या यंत्रावर आकडे इंग्रजी असतात आणि ॲपमध्ये ते देवनागरीत उमटतात. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा आणि देवनागरी सात हा उलट्या इंग्रजी सहासारखा दिसतो; अधू दृष्टीला किंवा घाईत देवनागरी ११० आणि इंग्रजी 990 यांत फरक करणे अवघड जाते. अशा वेळी एकाच पडद्यावर दोन्ही प्रकारचे आकडे येऊ देऊ नयेत, आणि भरलेला आकडा ॲपने ‘एकशे दहा’ असा मोठ्याने वाचून दाखवावा. भाषाभिमानाने आकडे देवनागरीच हवेत असा आग्रह धरणाऱ्यांचे मन मला समजते, तरी या एका जागी मी यंत्रावरच्या आकड्यांच्या बाजूने आहे. तूर्त आपण अँड्रॉइड फोन वापरत असाल, तर सेटिंगमधील सुगम्यता विभागात टॉकबॅक सुरू करून पाहा. ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. ज्या बटणाचे नाव न सांगता ते नुसतेच ‘बटण’ म्हणते, तिथे चूक ॲप बनवणाऱ्याची आहे, आपली नव्हे.

प्रश्न : सलग नोंदी ठेवल्याबद्दल गुण आणि पदके देणारी ॲप चांगली की वाईट? (पणजी)

उत्तर : चालण्याच्या सवयीसाठी ठीक आहेत. पण दीर्घ आजारात ज्या दिवशी माणूस आडवा होतो, त्याच दिवशी त्याची साखळी तुटते, म्हणजे आजारी पडल्याबद्दल दंड बसतो. नैराश्याच्या किंवा केमोथेरपीच्या रुग्णाला तर ही पदके देऊच नयेत.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. घरात एखादाच फोन, नेटवर्क अधूनमधून, आणि पुष्कळांची बोली माडिया किंवा गोंडी. अशा ठिकाणी वैयक्तिक आरोग्य-ॲपला काही अर्थ आहे का? (वैद्यकीय अधिकारी)

उत्तर : शहरातले ॲप जसेच्या तसे तिथे आणण्यात अर्थ नाही. मात्र त्यामागचे काम, म्हणजे रुग्णाला स्वतःच्या आजाराचा हिशेब हाती मिळणे, तिथे अधिक गरजेचे आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाल्यापासून तपासणीवर भर आहे. तपासणीनंतरची वर्षे रुग्णाला घरीच काढायची असतात. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध सुरू असेल तर ठरावीक काळाने रक्ताची तपासणी लागते, दुखण्याचे झटके कधी व कशानंतर आले हे डॉक्टरांना कळावे लागते, आणि सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर वाट पाहत बसायचे नसते. या तिसऱ्या गोष्टीसाठी ॲपमध्ये ‘ताप नोंदवा’ असा रकाना ठेवणेही घातक आहे. तिथे फक्त ‘दवाखान्यात न्या’ एवढेच यावे, आणि तेही नेटवर्क नसताना.

साध्या फोनवर काय साधते, याची उदाहरणे देशात आहेत. क्षयरोगासाठी वापरलेल्या ‘९९ डॉट्स’ पद्धतीत गोळी बाहेर काढली की पाकिटावर दडलेला क्रमांक दिसतो आणि रुग्ण त्यावर निःशुल्क फोन करतो. इंटरनेट लागत नाही, वाचनही जवळपास लागत नाही. फोन आला म्हणजे गोळी पोटात गेलीच, असे मात्र धरून चालता येत नाही. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेच्या ‘एममित्र’ उपक्रमात गरोदर स्त्रियांना ध्वनिमुद्रित संदेश फोनवर ऐकवले जातात आणि फोन कोणत्या वेळी यावा, हे त्या निवडू शकतात. फोन नवऱ्यासोबत कामावर जाणाऱ्या घरात या एका सोयीवर सगळे अवलंबून असते. माडियासाठी लिखित मजकुराच्या मागे न लागता गावातल्याच आवाजात संदेश मुद्रित करून घ्यावेत. परक्या उच्चारातली गोंडी ऐकून लोक फोन ठेवून देतात.

रुग्णाकडे फोन नसेल तर त्याची नोंद आशाताईंच्या फोनवर राहावी. उच्च रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वापरलेले ‘सिंपल’ हे ॲप असेच कर्मचाऱ्यासाठी बनवलेले आहे. ते नेटवर्कविना चालते, आणि रुग्णाजवळ असते ते क्यूआर कोड छापलेले कार्ड. आपल्या रुग्णांसाठीही असे कार्ड करावे. त्यावर रक्तगट, सुरू असलेली औषधे, शेवटच्या रक्ततपासणीची तारीख आणि जवळच्या रक्तपेढीचा क्रमांक असावा. ते पाण्यात भिजेल, तेव्हा प्लॅस्टिकचे आवरण घालून घ्यावे, आणि आजाराचे नाव दर्शनी बाजूस छापू नये. नाहीतर लग्नाच्या वयातल्या मुलींच्या घरी ते कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी जाते आणि ऐनवेळी सापडत नाही.