न विचारता

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. खोलीला आतून कडी लावली म्हणून आई दुखावली, भावाने मोबाइल चाळला आणि मावशी रोज संध्याकाळी फोन करून स्थळांचे काय झाले ते विचारते, हे सांगताना परवा तू तीनदा म्हणालीस, ‘मी स्वार्थी झाले आहे का?’ मुळीच नाही. न विचारता आत येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात राहूनही यंत्रमागांच्या खडखडाटाबद्दल तू तक्रार केली नाहीस. तो आवाज मोठा असतो, पण तुझ्याकडे काही मागत नाही. त्याच्या लयीत आम्ही अभ्यास केला, झोपलोही. मोबाइल एकदाच वाजतो आणि लगेच उत्तर मागतो.

‘त्यांचा हेतू चांगला असतो,’ असे तू म्हणालीस तेव्हा मला सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य आठवले. माळढोक पक्ष्याला लांबवर नजर पोचेल असे मोकळे गवताळ रान लागते. त्याच माळावर वनीकरणाच्या सदिच्छेने गिरिपुष्पाची झाडे लावली गेली. त्या माळाला काय हवे, हे आधी पाहायला हवे होते. न विचारता आत येऊ नये, हेतू कितीही चांगला असो.

हा अपराध मी स्वतः केला आहे. माझी मुलगी अकरावीत असताना, तिचे मन भरकटले असेल या धास्तीने, ती शिकवणीला गेल्यावर मी तिची वही वाचली. वहीत काळजीचे काहीच नव्हते. तिला ते कळले. ती बोलली नाही, पण त्या वहीत पुढे एक ओळही लिहिली गेली नाही. बापाने काळजी करू नये काय, दोन खोल्यांच्या घरात खासगी ते काय असणार, असे मी वर्षानुवर्षे स्वतःला समजावत आलो, आणि त्यात तथ्य नव्हते असेही नाही. पण विचारले असते तर कदाचित तिने आपणहून दाखवली असती.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मावशीपुढे तो निवाडा वाचू नकोस. तिचा फोन न उचलणे हाही भित्रेपणाच आहे. रविवारी तूच तिला फोन कर आणि रोज विचारू नकोस असे स्पष्ट सांग. भावालाही समोर बसवून सांग. मात्र त्याआधी त्याचे दप्तर न विचारता उघडणे बंद कर, कारण ते तू करतेस हे मी परवा पाहिले आहे.

तुझे,
सर