अपघातात पायातून रक्ताची धार लागली, तर रुग्णवाहिका येईपर्यंत जखमेच्या वरच्या बाजूला घट्ट पट्टा बांधावा का? बांधल्याने पाय कापावा लागतो हे खरे आहे का?

आधी दाबावे आणि दाबूनही रक्त थांबत नसेल तर बांधावे. मात्र बांधायचे ठरले तर अर्धवट बांधू नये. पाय गमावण्याची भीती निराधार नसली, तरी अपघात विभागात काम करताना त्या भीतीपोटी वाया गेलेला वेळच मला अधिक घातक वाटत आला आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते आणि मांडीतील मोठी धमनी तुटल्यास काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. म्हणून 108 ला फोन करायला दुसऱ्या कोणाला सांगून आपण थेट जखमेकडे वळावे, कपडा फाडून रक्त नेमके कोठून येते ते पाहावे, हाताशी असलेला पंचा, ओढणी किंवा रुमाल त्याच जागी ठेवावा आणि कोपरे ताठ ठेवून अंगाचा भार देत दाबून धरावे. रक्त थांबले का हे बघायला सारखे कापड उचलण्याचा मोह बहुतेकांना होतो, पण त्यामुळे धरू लागलेली गुठळी सुटते. जांघेत किंवा काखेत पट्टा बसत नाही; तेथे कापड जखमेत खोलवर ठासून भरावे आणि वरून दाबावे. छाती-पोटाच्या जखमेत मात्र काहीही कोंबू नये आणि रुतलेली वस्तू उपसू नये. हळद किंवा तंबाखू भरल्याने धमनीची धार थांबत नाही, उलट शल्यचिकित्सकाला जखम साफ करण्याचे काम वाढते.

पट्टा हातापायालाच, जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, गुडघा किंवा कोपर टाळून बांधावा. तो रुंद असावा. दोरी किंवा तार नको. गाठीत काठी अडकवून धार थांबेपर्यंत पिळावी, यात रुग्णाला वेदना होणारच. सैल पट्टा सर्वांत वाईट, कारण तो रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद करतो, पण धमनी चालूच राहते आणि रक्तस्राव वाढतो. एकदा बांधलेला पट्टा मध्येच सैल करून पाहू नये; दोन तासांपर्यंत त्याने सहसा कायमची इजा होत नाही. बगदादमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयात 2006 साली पट्टा बांधलेल्या 232 रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तर केवळ पट्ट्यामुळे अवयव गमावल्याचे एकही उदाहरण त्यांत आढळले नाही. शॉकमध्ये, म्हणजे रक्त कमी पडून रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेत, जाण्यापूर्वी पट्टा बांधलेल्यांपैकी 90 टक्के वाचले, नंतर बांधलेल्यांपैकी केवळ 10 टक्के.

रक्त आटोक्यात आले की रुग्णाला चादर पांघरावी, कारण शरीर थंड पडले की रक्त नीट गोठत नाही. तोंडाने पाणी देऊ नये. शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता असते.

पुढे रुग्णवाहिकेत किंवा रुग्णालयात ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध शिरेतून देतात. 40 देशांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 चाचणीनुसार ते जितके लवकर दिले तितके उपयोगी ठरते. 3 तास उलटल्यावर मात्र त्याने रक्तस्रावाने मृत्यू होण्याचा धोका वाढल्याचे दिसले. म्हणून अपघात किती वाजता झाला आणि पट्टा किती वाजता बांधला, या दोन्ही वेळा चिठ्ठीवर लिहून रुग्णासोबत पाठवाव्यात.