आठ खुर्च्या आणि एक दार

मागच्या अंकात टोक्योवर लिहिताना शिंजुकूतल्या गोल्डन गाईचा मी दोनच ओळींत उल्लेख केला होता: सहा अरुंद बोळ आणि त्यांत दाटीवाटीने बसलेले दोनशेहून जास्त चिमुकले बार. जवळपास सगळी पत्रं त्या दोन ओळींवरच आली. अकरा वर्षं मी त्या शहरात दुभाषी म्हणून काम केलं आणि माझ्या कितीतरी संध्याकाळी या बोळांत गेल्या. त्यामुळे या वेळचं सदर पूर्ण त्यांनाच देते. आधी पत्रातला प्रश्न, मग माझं उत्तर.

आम्ही दोघं नवरा-बायको एप्रिलमध्ये टोक्योला जातोय. दोघांची साठी जवळ आली आहे. तुम्ही लिहिलेल्या बारचे फोटो पाहिले. दारं बंद, आतलं काही दिसत नाही. असं दार उघडायचं तरी कसं? आणि आतून कोणी घालवून दिलं तर?

दार उघडायचं, पण एकदम सताड नाही. हातभर उघडा, डोकं आत घाला, दोन बोटं दाखवा आणि म्हणा, ‘फुतारी देसु.’ म्हणजे आम्ही दोघं आहोत. जागा असली तर ‘दोझो’, म्हणजे ‘या’, असं ऐकू येईल. नसली तर काउंटरमागून कोणीतरी दोन्ही हातांची फुली करून दाखवेल. ती फुली पाहून मन खट्टू करून घेऊ नका. खुर्च्या भरल्यात, एवढंच ती सांगते.

आणि खुर्च्या भरायला वेळ लागत नाही. जपानमध्ये जागा त्सुबोत मोजतात. एक त्सुबो म्हणजे दोन तातामी चटयांएवढी जागा, आपल्या हिशेबाने साधारण साडेपस्तीस चौरस फूट. गोल्डन गाईतले बरेचसे गाळे तीन ते साडेचार त्सुबोंचे आहेत. म्हणजे काउंटर, बाटल्यांच्या फळ्या, बेसिन, मालक आणि गिऱ्हाइकं हे सगळं साधारण शंभर ते एकशे साठ चौरस फुटांत. खुर्च्या सहा, आठ, फार तर दहा.

गाळे एवढे लहान का, हे ठाऊक असलं की तिथे कसं वागायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. युद्ध संपल्यावर शिंजुकू स्टेशनच्या आसपास काळा बाजार भरायचा. १९४९ च्या सुमारास तिथल्या टपऱ्या हटवल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येक हानाझोनो देवळाशेजारच्या या तुकड्यावर आल्या. खाली दारूचं दुकान आणि वर बायकांच्या शरीराचा विनापरवाना धंदा, असे इथले दिवस होते. वेश्याव्यवसायाविरुद्धचा कायदा १९५८ मध्ये पूर्णपणे लागू झाला, तो धंदा बंद पडला आणि रिकाम्या खोल्यांमध्ये बार आले. त्यामागून लेखक, नाटकवाले, सिनेमावाले आले. १९८० च्या दशकात जमिनीचे भाव आभाळाला भिडले, तेव्हा हे बोळ पाडून टोलेजंग इमारती बांधायला टपलेले लोक कमी नव्हते. इथल्या मंडळींनी एकजूट करून आपले गाळे राखले. वरच्या मजल्यावर जाताना जिना शिडीसारखा उभा लागेल. भिंतीला हात टेकून चढा, आणि हा जिना कोणाकोणाच्या पायाखालून गेलाय ते आठवा. मी दर वेळी आठवते. (तुमचे गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावरचेच बार निवडा. उतरताना तो जिना चढतानापेक्षा जास्त त्रास देतो.)

माझी पहिली रात्र फेब्रुवारीतली होती. वरच्या मजल्यावरचा बार, सात खुर्च्या, सहा माणसं. मी दारात दिसताच काउंटरमागच्या बाईंनी, तिथे त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात, एकच अर्धा शब्द उच्चारला आणि सहाच्या सहा माणसं हातातले ग्लास न ठेवता एकेक वीत भिंतीकडे सरकली. शेवटच्या गृहस्थांनी खिळ्याला टांगलेला आपला ओव्हरकोट काढून मांडीवर घेतला, कारण माझी पाठ बरोबर तिथे टेकणार होती. मामांनी गरम, वाफाळता हातरुमाल दिला. मग एक बशी पुढे आली. तिच्यात उकडलेल्या मुळ्याची दोन बोटं जाड चकती, पारदर्शक झालेली, आणि कडेला पिवळ्याधमक मोहरीचा ठिपका. मी काही मागवलंच नव्हतं. पुढचे दोन तास त्या गृहस्थांनी कोट मांडीवरून हलवला नाही.

मागवल्याशिवाय येणाऱ्या त्या बशीला ‘ओतोशी’ म्हणतात आणि तिचे पैसे द्यायचे असतात. बसण्याचा आकारही असतोच. माणशी साधारण ५०० ते १,५०० येन, कधी ओतोशी त्यातच धरलेली, कधी वेगळी. ही फसवणूक आहे असं कित्येकांना वाटतं. माझं मत ठाम आहे, ती फसवणूक नाही. आठ खुर्च्यांवर भाडं काढणाऱ्या माणसाला खुर्चीचेच पैसे घ्यावे लागतात. बऱ्याच दारांवर हा आकडा लिहिलेला असतो, तो वाचूनच आत जा. लिहिलेला नसला तर ‘चार्जी वा?’ असं विचारायला लाजू नका, कोणी वाईट मानत नाही. एक पेय साधारण ७०० ते १,००० येनला पडतं आणि माणशी निदान एक घ्यावंच लागतं.

आता घालवून देण्याबद्दल. काही दारांवर ‘काइइनसेइ’ लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त सभासदांसाठी. तिथे जाऊ नका. आणि काही ठिकाणी खुर्च्या रिकाम्या दिसत असूनही फुली मिळते. मला मिळाली आहे, जपानी बोलता येत असताना मिळाली आहे, आणि ती लागली होती. पुढे एका मालकाने समजावलं की त्याच्या तीन खुर्च्या रोज नऊला येणाऱ्या तिघांच्या आहेत, ते आले नाहीत तरी त्यांच्याच. हे मला पटलं. नुसता चेहरा पाहून परत पाठवणं मात्र मला आजही पटत नाही. पण दारात हुज्जत घालून काही मिळत नाही. चार पावलांवर दुसरं दार असतं आणि पाहुण्यांचं स्वागत करणारी, इंग्रजीत पाटी लावणारी दारं आता खूप आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी, रात्री आठ-नऊच्या दरम्यान जा. शुक्रवारी रात्री अकराला जाऊन मग जागा नाही म्हणू नका.

आम्ही आठ मित्र आहोत. एका रात्रीत किती बार होतील?

आठ जणांनी एका दारातून शिरू नका, मी हात जोडून सांगते. तुम्ही आलात की त्या मालकाची अख्खी रात्र तुमची झाली आणि रोजचे लोक बाहेर राहिले. दोन-दोनच्या जोड्या करा, वेगवेगळ्या दारांनी जा, मध्यरात्री हानाझोनो देवळाच्या पायऱ्यांजवळ भेटा आणि एकमेकांना काय काय झालं ते सांगा. आठही जणांना एकत्रच बसायचं असेल तर असाकुसातल्या कामिया बारमध्ये जा. तो १८८० पासून चालू आहे, दालन ऐसपैस आहे. तिथली ‘डेंकी ब्रान’ मागवा. ब्रँडीच्या अंगाचं, औषधी वासाचं पेय आहे ते. ‘डेंकी’ म्हणजे वीज. त्या काळी वीज नवलाची होती, आणि जे जे नवं त्याला ते नाव जोडायची हौस होती.

आणि किती बार होतील हा हिशेबच सोडा. प्रत्येक ठिकाणी आकार नव्याने लागतो, आणि पाच ठिकाणी वीस-वीस मिनिटं बसून एकाही माणसाशी धड बोलणं होत नाही. एका रात्री दोन पुरेत.

थीम असलेले बार खरंच बघण्यासारखे असतात की नुसती सजावट? एक-दोन नावं सुचवाल का?

दोन्ही प्रकार आहेत. ओळखायची माझी एक खूण आहे: मालकाला त्या विषयावर एक प्रश्न विचारा. तो हातातलं काम बाजूला ठेवून बोलू लागला तर थीम खरी.

योत्सुयाच्या आराकिचो भागात ‘बौझ बार’ आहे. बौद्ध भिक्षू तो चालवतात. जपानीत भिक्षूला ‘बोझु’ म्हणतात, त्यावरून हे नाव. संध्याकाळी मध्येच गप्पा थांबतात आणि सूत्रपठण होतं. मद्यमिश्रणांच्या यादीत ‘गोकुराकु जोदो’ आहे, म्हणजे अमिताभ बुद्धाचा स्वर्ग, सुखावती. पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे प्रकरण कसंसंच वाटलं होतं. मग शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने नुकत्याच गेलेल्या आजीबद्दल विचारलं आणि ग्लास पुसणारा भिक्षू पुसायचा थांबला. अर्धा तास तो तिच्याशीच बोलत होता. देवळात जाऊन हे विचारायचा धीर तिला झाला नसता, असं ती मला नंतर म्हणाली. आराकिचोला गेलात तर तो भागही पायी फिरा. वाडग्यासारख्या खोलगट जागेत वसलेली ही एके काळची गेशांची वस्ती, चहूबाजूंनी पायऱ्या उतरतात आणि तळाशी छोटे बार आणि खानावळी.

निहोनबाशीत, निंग्योचो स्टेशनपासून चालत जाता येतं तिथे, ‘किहा’ आहे. हा रेल्वेवेड्यांचा बार. जपानी रेल्वेत डब्यांना अक्षरं असतात: ‘कि’ म्हणजे डिझेलवर चालणारा डबा, ‘हा’ म्हणजे साधा वर्ग. आत आगगाडीच्या डब्यातल्यासारखी बाकं, वर धरायच्या कड्या, आणि पिणं काचेच्या पेल्यात सीलबंद मिळणाऱ्या साकेचं, लोक लांबच्या गाडीत घेऊन बसतात तसं. सोबत डबाबंद मासे. मला रेल्वेतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिथे एका गृहस्थांनी बंद पडलेल्या एका शाखामार्गावरची सगळी स्टेशनं मला क्रमाने म्हणून दाखवली, डोळे मिटून. ती मी कधीही विसरणार नाही.

थीम नको, शांत जुनं काही हवं, तर गिंझाच्या एका गल्लीत तळघरातला ‘लुपिन’ आहे, १९२८ पासूनचा. लेखक ओसामु दाझाई इथल्या उंच स्टुलावर बूट वर घेऊन बसले आहेत, असा १९४६ मधला तादाहिको हायाशी यांचा फोटो प्रसिद्ध आहे.

मी एकटी प्रवास करते. एका बाईने एकटीने अशा बारमध्ये जाणं सुरक्षित आहे का?

माझ्या अनुभवात, हो. एकटीला तर जास्त सोपं, कारण एक खुर्ची नेहमी सापडते. कित्येक बार बायकाच चालवतात आणि मामाची नजर काउंटरच्या दोन्ही टोकांवर असते. एकदा एक माणूस मला नको तितकं विचारू लागला, तेव्हा मामांनी त्याच्यापुढे हिशेबाचा कागद ठेवला, हसून. तो उठला.

काळजी बोळांत नाही, बोळांपर्यंतच्या रस्त्यावर घ्यायची. गोल्डन गाई काबुकिचो या रात्रीच्या करमणुकीच्या वस्तीच्या कडेला आहे आणि काबुकिचोत रस्त्यावर गिऱ्हाइकं ओढणारे फिरतात. गोड बोलतात, इंग्रजी बोलतात, ‘स्वस्तात दाखवतो’ म्हणतात. त्यांच्यामागे कधीही जाऊ नका, बाई असा की पुरुष. मी दुभाषी म्हणून ज्यांच्यासोबत होते असे एक पाहुणे एका संध्याकाळी माझ्याशिवाय बाहेर पडले आणि अशाच एकामागून चौथ्या मजल्यावर गेले. दोन बिअरचे त्यांना ऐंशी हजार येन मोजावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. असं गिऱ्हाईक ओढायला बंदी आहे आणि तसा इशारा रस्त्यावर भोंग्यांतूनही देतात. चांगल्या बारला रस्त्यावर माणूस उभा करायची गरजच नसते.

शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास सुटते, पहाटेची पाचच्या सुमारास निघते. टॅक्सीला रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जादा भाडं पडतं. हॉटेल शिंजुकूतच घेतलंत तर हा प्रश्नच मिटतो.

मी दारू पीत नाही आणि शाकाहारी आहे. मी तिथे जाऊन काय करू?

बसा आणि बोला. ‘ऊलाँग-चा’ मागवा, गार ऊलाँग चहा. तो सगळीकडे मिळतो आणि शेजारच्यांच्या ऊलाँग घातलेल्या दारूसारखाच दिसतो. तुम्ही काय पिताय यात कोणाला रस नसतो, तुम्ही कुठून आलात यात असतो.

खाण्याचं मात्र खरं सांगते. मी वर लिहिलेला तो मुळा दिसायला शाकाहारी आहे, पण तो ज्या रसात शिजतो तो बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो. तेव्हा जेवून जा, आणि ओतोशी समोर आली की ‘सुमिमासेन, साकाना ताबेरारेमासेन’ म्हणा, मला मासे चालत नाहीत. बहुतेक ठिकाणी बदल्यात शेंगदाणे किंवा भाताच्या खारट चकत्या मिळतात. पैसे तेवढेच लागतील.

धुराचा त्रास असेल तर दारावरची खूण बघा. टोक्योत एप्रिल २०२० पासून नोकर असलेल्या उपाहारगृहांत आणि बारमध्ये धूम्रपानाला बंदी आहे. पण मालक एकटाच चालवत असेल तर तो परवानगी देऊ शकतो, आणि या बोळांत एकट्याने चालवलेले बार खूप. तुमची खुर्ची सिगारेट ओढणाऱ्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर असणार, हे धरून चला.

निघताना काय करायचं? टिप किती ठेवायची?

टिप ठेवायची नाही. ठेवलीत तर मामा जिना उतरून तुमच्यामागे ती परत द्यायला येतील. ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमासु’ म्हटलं की एका चिठोऱ्यावर आकडा लिहून येतो. रोख ठेवा, हजाराच्या नोटा ठेवा, कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. फोटो हवा असेल तर आधी मालकाला विचारा, शेजारची माणसं त्यात येणार असतील तर त्यांनाही. बोळांतसुद्धा विनापरवानगी चित्रीकरण करू नका अशा पाट्या आहेत.

उठताना ‘गोचिसोसामा देशिता’, म्हणजे पाहुणचाराबद्दल आभार, असं म्हणा, मालकाला आणि ज्यांनी सरकून जागा दिली त्यांनाही. आणि बाहेर पडल्यावर दार नीट ओढून घ्या. एवढ्याशा खोलीत एक फट राहिली तरी दाराजवळच्या माणसाला थंडी वाजते.