वाचकांचे प्रश्न: बाहेरचं जेवण, वाढलेलं बिल आणि ताटातलं मोल

हॉटेलच्या खर्चाबद्दल पुण्यातल्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत. हिशेबातले कच्च्या मालाचे आणि पदार्थांचे दर अंदाजे धरलेले आहेत. तुमच्या वाण्याकडचा आणि तुमच्या हॉटेलातला भाव घालून तेच गणित तुम्हाला करता येईल.

प्रश्न: काही वर्षांपूर्वी साठ रुपयांना मिळणारी मिसळ आता एकशेदहा रुपयांना मिळते. कांदा-टोमॅटो महागले की दर वाढतात, मग ते स्वस्त झाल्यावर उतरत का नाहीत? (कोथरूड)

कारण त्या एकशेदहा रुपयांत कांद्याचा वाटा फारच थोडा असतो. एक प्लेट उघडून पाहू. कोरडी मटकी 35 ग्रॅम, म्हणजे साडेचार रुपये. फरसाण 50 ग्रॅम, 12 रुपये. दोन पाव, 10 रुपये. रश्शातलं तेल 20 ग्रॅम, 3 रुपये. कांदा, सुकं खोबरं, मसाला, कोथिंबीर, लिंबाची फोड मिळून आठ-नऊ रुपये. बेरीज साधारण 38. यात कच्चा कांदा जेमतेम 40 ग्रॅम. तो 25 रुपये किलो असताना एक रुपयाचा पडतो आणि 60 झाला तरी अडीच रुपयांच्या आतच राहतो. दीड रुपयासाठी कोणी मेन्यूकार्ड पुन्हा छापत नाही, दर वाढवायला नाही आणि उतरवायलाही नाही.

हॉटेलच्या धंद्यात कच्चा माल विक्रीदराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बसावा, असा ढोबळ नियम आहे. ही मिसळ त्यात बसते. खरी वाढ उरलेल्या दोन हिश्शांत होते. जागेचं भाडं करारानुसार दरवर्षी चढतं आणि एकदा चढलं की उतरत नाही. आचारी, वाढपी, भांडी घासणारे यांचे पगार असतात, शिवाय बाहेरगावच्या कामगारांची राहण्या-जेवण्याची सोय मालकाकडेच असते. गॅस 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा असतो. त्यावर 18 टक्के जीएसटी आहे, तर घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरवर 5 टक्के.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला बिलावर दिसतच नाही. 15 नोव्हेंबर 2017 पासून साध्या रेस्टॉरंटचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, पण त्याच दिवसापासून हॉटेलवाल्याला त्याने आधी भरलेल्या कराची वजावट मिळणं बंद झालं. गॅसवरचा, भाड्यावरचा, फ्रीज-मिक्सरवरचा कर आता तो पदार्थाच्या दरातच मिसळतो. म्हणजे तुमच्या बिलावर 5 टक्के दिसत असले, तरी प्लेटमध्ये त्याहून जास्त कर शिजलेला असतो.

मिसळीपुरतं सांगायचं तर दर कमी-जास्त असण्यापेक्षा सॅम्पल (वरून घालायचा रस्सा) पुन्हा मिळतं का आणि जादा पाव कितीला, हे आधी विचारा. चार पाव खाणाऱ्याला 90 रुपयांची मिसळ, वर 15 रुपयांचा एकेक पाव आणि 20 रुपयांचा जादा रस्सा मिळून 140 रुपये पडतात. तेव्हा 110 वाली, सॅम्पल आणि पाव हवे तितके देणारी मिसळ त्यालाच स्वस्त पडते.

प्रश्न: महिन्यातून दोनदा आम्ही चौघं हॉटेलात जातो. बिल अडीच हजारांच्या खाली येत नाही आणि पुष्कळसं अन्न उरतं. काय मागवावं, म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल? (सहकारनगर)

दोन प्रश्न आहेत: कोणते पदार्थ मागवावेत आणि किती. पहिला जास्त महत्त्वाचा आहे.

मेन्यूकार्डवरच्या प्रत्येक पदार्थाकडे एकाच नजरेने पाहा: हा घरी करायला किती वेळ, किती हात आणि कोणतं साधन लागेल? दाल तडक्यात तूरडाळ 50 ग्रॅम, म्हणजे सहा-सात रुपयांची. फोडणीसकट वीस रुपयांत काम होतं आणि तुम्ही 180-200 मोजता. घरच्या कुकरला तीच डाळ तीन शिट्ट्यांत होते. जिरा राइसचंही तसंच. भाजलेला पापड, ताक आणि चहा यांत तर हॉटेलवाल्याचा नफा सर्वांत जास्त आणि तुमची सोय सर्वांत कमी. रोटीला लोणी लावायचे दहा रुपये वेगळे, आणि लोणी असतं चार-पाच ग्रॅम.

आता उलट बाजू. डोशाला उडीद-तांदूळ स्वस्तच पडतात, पण भिजवणं, वाटणं आणि आंबवणं आलं. पुण्याच्या डिसेंबरात पीठ फुगायला बारा-चौदा तासही लागतात. शिवाय हॉटेलचं जाड, सतत तापलेलं भिडं घरच्या शेगडीवर मिळत नाही, म्हणून घरचा डोसा तसा खरपूस होत नाही. तंदूरची रोटी, नान, टिक्का हे भट्टीशिवाय होत नाहीत. अळूवडी, सुरळीच्या वड्या, पुरणपोळी, उकडीचे मोदक यांत साहित्य बेताचं आणि कष्ट भरपूर. एका नारळाच्या सारणात पंधराएक मोदक होतात, पण उकड मळणं, पाऱ्या, कळ्या आणि वाफवणं धरून दोन तास जातात. दमाची बिर्याणीही याच रांगेतली. अशा पदार्थांना मोजलेले पैसे तुमच्या वेळेचे आणि त्यांच्या हातच्या कसबाचे असतात आणि आमच्या मते ते रास्तच असतात.

पनीरच्या भाज्या मधोमध बसतात. शंभर-सव्वाशे ग्रॅम पनीर, काजू, लोणी, साय, टोमॅटो मिळून कच्चा माल नव्वद-शंभर रुपयांचा आणि दर 280-300, म्हणजे हिशेब सरळ आहे. फक्त पनीरचे तुकडे किती असतात ते वेटरला विचारा. सहाच्या खाली असतील तर तुम्ही रश्शाचे पैसे देताय.

आता प्रमाण. उत्तर भारतीय जेवणाची एक भाजी दोघांना पुरते. चौघांना दोन भाज्या पुष्कळ होतात, तिसरी बहुतेक वेळा डब्यात जाते. एक स्टार्टर चौघांत, सूप घ्यायचंच असेल तर ‘वन बाय टू’. रोट्या एकदम बारा सांगू नका. माणशी एक घ्या, संपत आल्या की पुढच्या सांगा. गार झालेली तंदूर रोटी चामट होते आणि तशीच ताटात राहते. भात सगळ्यांत शेवटी सांगा आणि तोही एक. सुरुवातीलाच सगळी ऑर्डर दिली की चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते, पदार्थ शिजायला लागतो आणि मग ‘भात नको’ म्हणून उपयोग नसतो. उरण्याचं मुख्य कारण भूक आणि ऑर्डर यांच्यातली ही घाई आहे.

हाफ प्लेट बऱ्याच ठिकाणी फुलच्या निम्म्या दराला नसते, साठ-पासष्ट टक्क्यांना असते. म्हणून दोन हाफ घेण्यापेक्षा एक फुल परवडते. हाफचा उपयोग एकट्या माणसाला किंवा दोन वेगळ्या भाज्या चाखायच्या असतील तेव्हाच.

प्रश्न: अनलिमिटेड थाळी परवडते का? (कर्वेनगर)

कमी खाणाऱ्याला नाही. बहुतेक थाळी दोघांत वाटता येत नाही आणि लहान मुलांचा दर वयावर किंवा उंचीवर असतो, तो दारातच विचारून घ्या. शनिवार-रविवारचा दर वेगळा असू शकतो. थाळीत महाग वाट्या दोनच: गोड पदार्थ आणि आमरस. त्या पुन्हा वाढतात की एकदाच, यावर थाळीचं मोल ठरतं. पोळी आणि डाळ कितीही वाढली तरी मालकाला फारसा फरक पडत नाही, म्हणून ती आधी आणि आग्रहाने येते. पहिल्या वाढपात अर्धी-अर्धी वाटी घ्या आणि जे आवडलं तेच पुन्हा मागा.

प्रश्न: कोरेगाव पार्कातल्या एका रेस्टॉरंटमध्ये 2,400 रुपयांच्या जेवणावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर पुन्हा जीएसटी लावला. तो द्यावाच लागतो का? (येरवडा)

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही आणि दुसऱ्या नावाखालीही वसूल करता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी या सूचना कायम ठेवल्या. खूश होऊन टिप देणं हा तुमचा प्रश्न.

तुमच्या बिलात 2,400 वर 240 सर्व्हिस चार्ज, मग 2,640 वर 5 टक्के म्हणजे 132, एकूण 2,772 झाले असतील. चार्ज काढला की 2,400 आणि 120, म्हणजे 2,520. फरक 252 रुपयांचा, कारण चार्जवरचा करही जातो. पैसे देण्याआधी मॅनेजरला शांतपणे सांगा आणि नवं बिल छापून घ्या. पेनाने खोडून दिलेलं बिल घेऊ नका, त्यात कर जुनाच राहतो. नकार मिळाला तर बिलाचा फोटो काढा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

त्याच बिलावर आणखी तीन गोष्टी पाहायची सवय लावा. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो. कर 2.5 अधिक 2.5 टक्के असा दोन ओळींत दिसतो. आणि अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक बिलावर असणं 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे. छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. ती कर स्वतःच्या खिशातून भरतात, गिऱ्हाइकाकडून घेऊ शकत नाहीत. अशा हॉटेलच्या बिलावर जीएसटीची ओळ दिसली तर ती चुकीची आहे. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की हॉटेल कोणत्या योजनेत आहे ते दिसतं.

प्रश्न: हॉटेलात वीस रुपयांची पाण्याची बाटली चाळीसला देतात. हे चालतं? (वानवडी)

चालतं. हॉटेल पाण्यासोबत बसायची जागा आणि सेवाही देतं, म्हणून त्याला छापील किमतीचं बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे. बसल्याबसल्या ‘साधं पाणी’ असं स्पष्ट सांगा. टेबलावर आधीच ठेवलेली बाटली उघडली, की ती तुमची.

प्रश्न: ॲपवर सवलत मिळते, मग तिथून मागवणं स्वस्त नाही का? (बाणेर)

सवलत कशावर मिळते ते आधी पाहा. ॲप हॉटेलकडून कमिशन घेतं, म्हणून ॲपवरचे दर बऱ्याचदा हॉटेलातल्या दरापेक्षा चढे असतात. उदाहरण धरा: हॉटेलात भाजी 280 आणि चार रोट्या 120, कर धरून 420. ॲपवर तीच भाजी 330, रोट्या 144, पॅकिंग 25, त्यावर 5 टक्के कर, मिळून 524. डिलिव्हरीचे 40 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी (हा 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला), म्हणजे 47. प्लॅटफॉर्म फी करासकट 15 धरली तर एकूण 586. शंभर रुपयांची सवलत लागली तरी 480 च्या आसपास, म्हणजे तरीही साठ रुपये जास्तच.

हॉटेल दोन-तीन किलोमीटरवर असेल तर फोन करून पार्सल सांगा आणि स्वतः घेऊन या. पार्सललाही 5 टक्के कर लागतोच, पण बाकीच्या ओळी जातात. स्वतःचा डबा नेलात तर पॅकिंगचे पैसे वगळायला सांगा.

बंद डब्यातून डोसा, पुरी, भजी मागवू नका. वाफ आत कोंडते, पंधरा मिनिटांत कुरकुरीतपणा जातो आणि पूर्ण दर देऊन तुम्ही लिबलिबीत पदार्थ खाता. बिर्याणी, रस्सा, छोले हे प्रवास सोसतात. मिसळ घ्यायचीच तर फरसाण वेगळं बांधून द्यायला सांगा.

प्रश्न: मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मेसचे महिना 3,600 रुपये दोन वेळचे. सुट्टी, म्हणजे एकेका वेळची, थाळी 90 रुपयांना मिळते. काय परवडेल? (सदाशिव पेठ)

3,600 भागिले 90 म्हणजे 40. महिन्यात 40 पेक्षा जास्त वेळा तुम्ही तिथेच जेवणार असाल तरच मेस लावा. महिन्याची 60 जेवणं दिसतात, पण रविवारी रात्री मेस बंद असते, म्हणजे 56 च. त्यातून गावी जाणं, मित्राकडे जेवणं, अभ्यासिकेतून उशिरा निघणं वजा करा. 44 जेवणं झाली तर एक ताट 82 रुपयांना पडतं, 36 झाली तर 100 ला. मागच्या महिन्यात नेमकं किती वेळा जेवलात ते आठवून लिहा. अंदाज नेहमी जास्तच येतो.

मेसचा खरा दर खाड्यांवर, म्हणजे न जेवलेल्या वेळांवर, ठरतो. पैसे भरण्याआधी विचारा: खाडा किती आधी सांगायचा, एका वेळचा धरतात की सलग तीन दिवसांचाच, आणि पैसे वळते होतात की पुढच्या महिन्यात दिवस वाढवून मिळतात. काही मेसवाले कूपन देतात, 30 कूपनं 45 दिवसांत वापरायची. सतत गावी जाणाऱ्याला ही पद्धत जास्त सोयीची पडते. महिना भरायच्या आधी दोन दिवस सुट्टी थाळी खाऊन पाहा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री साडेनऊनंतर. रात्री उशिरा भाजी संपून नुसतं वरण-भातावर भागवत असतील, तर उशिरा येणाऱ्याने तिथे महिना भरू नये.