रानभाजी विचारा : वासते (बांबूचे कोवळे कोंब)

वासत्याची भाजी कडू होते. रात्रभर भिजवूनही फरक पडत नाही. काय चुकतं? (चिपळूणहून एक वाचक)

बहुधा कोंबच उशिरा काढलेला असतो. जमिनीवर फूटभर आला की काढावा. जास्त उंच झाला, ऊन लागलं की कडवटपणा आणि धागे दोन्ही वाढतात. काढल्यावरही तो कडू होत जातो, म्हणून बाजारातून आणलेला त्याच दिवशी सोला. सालं काढल्यावर निम्म्याहून कमी उरतो, हे गृहीत धरूनच विकत घ्या. सुरी अडकेल ती गाठ टाकून द्या.

कडूपणामागे टॅक्सिफायलिन हे कोंबातलं नैसर्गिक द्रव्य आहे. कोंब चिरला की त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतं, आणि शेंड्यात टॅक्सिफायलिन सर्वांत जास्त. म्हणजे प्रश्न नुसत्या चवीचा नाही. कच्चा वासता खायचाच नाही. अगदी पातळ काप करा, रात्रभर भिजवा, पाणी दोनदा बदला. मग भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, २० ते २५ मिनिटं उकळा. ते पाणी ओतून ताज्या पाण्यात आणखी १५ मिनिटं. काप चाखून पाहा, कडू लागला तर तिसरं पाणी. घाईत कुकर लावणाऱ्यांची भाजी इथेच फसते: वाफेबरोबर जायचं ते आतच कोंडतं. उकळल्याचं पाणी आमटीत वापरू नका.

दोन वाट्या कापांना अर्धी वाटी भिजवून शिजवलेले काळे वाटाणे, एक कांदा, दोन चमचे मालवणी मसाला आणि भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचं वाटप पुरे. तीन कोकमं शेवटी. वाटाण्यांऐवजी भाजलेला जवळा घातला तर आमच्या मते भाजी अधिक खुलते. तेव्हा मीठ हात राखून.

यात पोषण किती? थायरॉइड असेल तर चालतं का? (वेंगुर्ल्याहून एक वाचक)

१०० ग्रॅम कच्च्या कोंबात सुमारे २७ कॅलरी, अडीच ग्रॅम प्रथिनं, दोन ग्रॅमच्या वर तंतू. पोटॅशियम ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, पण पाणी ओतताना त्यातलं बरंच जातं. वासत्यातले काही घटक थायरॉइडला आयोडीन वापरताना अडथळा करतात. त्यामुळे रोज नको. थायरॉइडचा त्रास असेल तर खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

टिकवायचे कसे? (गुहागरहून एक वाचक)

वरीलप्रमाणे उकळून, निथळून, एका वेळेपुरत्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये. उकडलेले काप मिठाच्या पाण्यात घालून बरणी बाहेर ठेवू नका. मीठ कमी पडलं तर आतल्या आत बिघडतात.