सुके ब्लडवर्म खाल्ले अन् गोल्डफिश उलटा झाला

प्रश्न : सर, मी लातूरचा, बारावीला आहे. टाकीत दोन गोल्डफिश आहेत. दुकानदारानं फ्रीज ड्राय ब्लडवर्मची डबी दिली, म्हणला यानं कलर लई भारी येतो. चार दिवस दोन टाइम चिमूटभर टाकले, आता एकाचं पोट फुगलंय अन् तो उलटा तरंगतोय. वाचेल का? डबी फेकून देऊ का?

उत्तर : डबी राहू दे बाळा, पण आजपासून दोन दिवस दोघांनाही काहीच टाकू नको. घरचे म्हणतील उपाशी कामून ठेवलं, तर त्यांना सांग की गोल्डफिशला दोन-तीन दिवस उपाशी राहून काही होत नाही. तिसऱ्या दिवशी मटारचा एक दाणा उकड, साल काढ, बोटानं चुरून थोडा थोडा टाक. बहुतेक वेळा एवढ्यानं पोट मोकळं होतं. फक्त वरून बघताना खवले उभे राहिलेले दिसले तर ते दुखणं वेगळं आणि अवघड आहे, मग वाट बघू नको, माशांचं कळणाऱ्या डॉक्टरला विचार.

आता हे झालं कशानं ते सांगतो. ब्लडवर्म म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची अळी. ती आधी गोठवतात, मग व्हॅक्यूममध्ये तिच्यातल्या बर्फाची पाणी न होता थेट वाफ करतात, म्हणून आकार तसाच राहतो पण आतून सगळी पोकळ. पोकळ वस्तू पाणी ओढणारच, वाटीत ओढलं तर चांगलं, माशाच्या आत ओढलं तर तिथं फुगते, आणि गोल्डफिशला तर जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. शिवाय सुकी अळी वर तरंगते, ती पकडताना मासा हवाही गिळतो.

म्हणून भिजवायचं. स्टीलच्या वाटीत टाकीतलंच पाणी घे, सात-आठ अळ्या टाक, आधी काडीसारख्या कडक तरंगतात, बोटानं दाबल्या की बारीक बुडबुडे सुटतात, दहा मिनिटांत मऊ पडून तळाला बसतात. तळाला बसल्या की मगच टाकीत. तेही आठवड्यातून दोनदा, रोजचं खाणं माशांच्या तयार दाण्यांचंच ठेव. मी स्वतः हे शिकायच्या आधी एक फायटर मासा असाच गमावलाय, रोज सुके टाकायचो, त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि कलरचं म्हणशील तर अळीचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्यानं मासा केशरी होत नाही. त्याचा रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यानं खुलतो, ते स्पिरुलिनाच्या (एक प्रकारचं शेवाळ) दाण्यात नाहीतर क्रिलमध्ये (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) मिळतं.

अजून एक, उरलेलं खाणं जाळीनं लगेच काढ. ते सडलं की अमोनिया होतो आणि पाणी बदलावं लागतं. 2016 ला तुमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं पाणी काय चीज आहे हे मी तुला सांगायला नको. बदललेलं पाणी झाडांना घाल, झाडं खूश होतात. नवीन पाणी नळाचं असेल तर क्लोरीन निघायला एक दिवस बादलीत उघडं ठेव, नाहीतर अँटी-क्लोरीनचे थेंब टाक.

प्रश्न : डबी उघडली की मला शिंका येतात, डोळे खाजतात. माझा भ्रम आहे का? (एक ताई, नांदेड)

उत्तर : नाही ताई, भ्रम नाही. त्याच हिमोग्लोबिनची खूप जणांना खरोखर अ‍ॅलर्जी असते. पंखा बंद करून डबी उघडा, चमच्यानं काढा, हात धुवा. घरात दम्याचं कुणी असेल किंवा तुम्हालाच छातीत घरघर वाटली तर ब्लडवर्म घरातून काढाच आणि डॉक्टरला दाखवा. मासे नुसत्या दाण्यांवरही छान जगतात.

प्रश्न : परभणीत जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल किडे) मिळतात. त्यांच्याच सुकवलेल्या क्यूबपेक्षा ते बरे ना?

उत्तर : मी तरी देणार नाही. ते घाण पाण्याच्या गाळात वाढतात, सोबत जंतू आणतात. सुक्यात ती भीती कमी, पण सगळे जंतू सुकवूनही मरत नाहीत, म्हणून डबी चांगल्या कंपनीची आणि सीलबंद घ्या. उघडल्यावर तारीख लिहून ठेवा, तीन-चार महिन्यांत संपवा. पावसाळ्यात ओला हात आत गेला की क्यूब मऊ पडतो, कुबट वास येतो, तो मग माशाला देऊ नका.