तळ्यात उतरण्यापूर्वी

प्रश्न : आमच्याकडे आठ चाकांचे, जमीन व पाणी दोन्हींवर चालणारे छोटे वाहन आहे. ते प्रथमच तळ्यात उतरवताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : तळाची बुचे घट्ट बसली आहेत, ॲक्सलभोवतीची (चाकांच्या दांड्यांभोवतीची) पाणी रोखणारी सीले शाबूत आहेत आणि आत शिरलेले पाणी उपसणारा पंप चालतो आहे, याची खात्री झाल्याशिवाय वाहन पाण्यात नेऊच नये. पाण्यावर पेलणारे वजन बहुधा जमिनीवरच्या क्षमतेपेक्षा कमी असते. म्हणून पुस्तिकेतील आकडा पाहून माणसे व सामान दोन्ही बाजूंना समतोल बसवावे. जीवरक्षक जॅकेट सर्वांनी काठावरच घालावे, सीटबेल्ट मात्र उतरण्यापूर्वी सोडावा.

छताबाबत आमचे मत स्पष्ट आहे: पाण्यावर ते नकोच. १९९९ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात अशाच प्रकारचे, पण मोठे पर्यटक-वाहन सील सुटल्याने पाणी भरून बुडाले, तेव्हा १३ जण दगावले. छतामुळे अनेकांना बाहेर पडता आले नाही.

उतार सौम्य असेल तेथून सरळ व संथ गतीने उतरावे. तिरके उतरल्यास वाहन कलंडू शकते. प्रोपेलर नसेल तर टायरच्या खाचाच वल्ह्यांचे काम करतात, त्यामुळे वेग चालणाऱ्या माणसाइतकाच राहतो आणि वारा किंवा प्रवाह सहज वरचढ ठरतो. म्हणून वाहती नदी टाळावी, आणि बाहेर पडण्याची जागा आधीच पायी जाऊन पाहून ठेवावी.